न झालेला सामना

फक्कीची पिशवी त्यांनी माझ्या बापाच्या हातात दिली तेव्हा त्याच्या अंगावर नवा कोट होता.

जानेवारीतला रविवार. न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या एका शाळेचं मैदान, शेजारी शाळेचाच हॉल, आणि आमच्या मराठी मंडळाचा संक्रांत मेळावा. इथली संक्रांत ऐन उन्हाळ्यात येते. सगळे हाफ पँट आणि जँडल्समध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलांत फिरत होते. माझा एकसष्ट वर्षांचा बाप तेवढा कोटात. कोट मीच आदल्या दिवशी हॅमिल्टनमधल्या 'ते रापा' भागातल्या दुकानातून घेऊन दिला होता. सत्कार होणार होता त्याचा. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर.

अध्यक्ष आले. पुण्याचे डॉक्टर, भूल देणारे. ऑकलंडच्या हॉस्पिटलात नाव आहे त्यांचं. गोड माणूस, असं सगळे म्हणतात. गोडच बोलले.

"आबा, तुमचा हात सराईत आहे म्हणे. आमच्या पोरांना लाइनी सरळ येईनात. जरा मैदान आखून देता का? कबड्डीचे सामने खोळंबलेत."

आणि पांढऱ्या चुन्याची ती पिशवी पुढे केली.

आबा उभे राहिले. घरी गुडघ्यामुळे खुर्चीतून उठायला त्यांना दोनदा हात टेकावे लागायचे. त्या दिवशी एकदाही टेकला नाही. ताडकन उठले.

"हो साहेब," म्हणाले.

मी शेजारीच होते. काही बोलले नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचा कुणी पोवाडा करायला नको.

मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट. नवराही तिथेच, लॅबमध्ये. न्यूझीलंडला येऊन पाच वर्षं झाली होती. दर दोन-तीन महिन्यांनी दीड तास गाडी हाकत ऑकलंडला जायचं, मराठी माणसांत बसायचं, पोहे खायचे, मराठी बोलायचं. परदेशात माणूस आपल्या भाषेसाठी किती लाचार होतो ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. मी झाले होते.

लग्नानंतर मला नवऱ्याचं आडनाव लागलं. गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून काही कळत नाही. आमच्या माणसांनी अशी आडनावं का घेतली ते मी सांगायला नको. त्या 'कर'च्या आड मी पाच वर्षं लपले. अध्यक्षांच्या बायकोला सगळे शुभदावहिनी म्हणायचे. हिल्सबरोला त्यांच्या घरी हळदीकुंकू असायचं. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं,

"तुमचं मूळ गाव कुठलं गं? आणि कुलदैवत?"

दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटातच असतो. गावावरून थांग लागला नाही की दैवत विचारायचं. आम्ही बौद्ध. आमच्या घरात कसलं दैवत? मी म्हणाले, "तुळजापूरची भवानी." आणि वाटीतला चिवडा खात राहिले. पुढे मंडळाचं कुणी घरी यायचं असलं की मी भिंतीवरची तसबीर काढून टॉवेलांच्या कपाटात ठेवायची. ते गेले की परत लावायची. नवरा तेव्हा दुसरीकडे बघायचा. मीही त्याच्याकडे बघायची नाही. अशा वेळी दोघांनी एकमेकांकडे बघितलं तर संसार करणं अवघड होतं.

मग आबा आले, तीन महिन्यांसाठी. आई आदल्या वर्षी गेली होती.

आबांचं कॉलेज मराठवाड्यातलं. आमच्या माणसांसाठी उघडलेलं. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या ओट्यावर पाय ठेवू दिला नाही, त्यांची पोरं तिथे हॉस्टेलात राहून बी.ए. करायची. जेवणात ज्वारीची भाकर आणि पाण्यासारखं वरण. त्यावर आबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कबड्डीचा संघ उभा केला. शिकवायला कुणी नाही, पायात बूट नाहीत. हॉस्टेलच्या मागची दगडं वेचून मैदान केलं. आणि त्याच संघाने विद्यापीठाच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. आमच्यातला असा तो पहिलाच संघ.

ही गोष्ट मी लहानपणी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. आबा सलग कधीच सांगायचे नाहीत. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. मीसुद्धा नाही.

विचारलं ते मार्कसने. मार्कस आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होता. काळा अमेरिकन. इथल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळायला म्हणून आलेला, गुडघा गेला आणि मग इथेच राहिला. आबांचा गुडघा दाखवायला मी त्यांना घेऊन गेले. त्याने गुडघा दाबला, वाकवला आणि म्हणाला, "ही जुनी दुखापत आहे. काय खेळायचे तुम्ही?"

मी मराठीत सांगितलं. आबा माझ्याकडे बघत राहिले.

"कबड्डी," आबा म्हणाले.

"जागा कुठली?" मार्कसने विचारलं.

आबा हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते, ते दिसतील म्हणून हसताना ते नेहमी ओठ मिटायचे. त्या दिवशी मिटले नाहीत.

"डावा कोपरा," म्हणाले. "त्याला सांग लेकी, डावा कोपरा. घोटा धरला की सुटायचा नाही कुणी."

मग ते बोलत सुटले. मार्कसची पुढची अपॉइंटमेंट चुकली, पण त्याने उठवलं नाही. मी दुभाष्याचं काम करत होते आणि माझ्याच बापाची गोष्ट मला पहिल्यांदा सलग कळत होती.

अंतिम सामना शहरातल्या एका नामांकित कॉलेजशी होता. दुपारी चारची वेळ. हे सातजण आपल्या अंगणात, म्हणजे मैदानाच्या आपल्या बाजूला, उभे राहिले. समोरचे मैदानाबाहेर, झाडाखाली. पंचाने शिट्टी मारली. ते आले नाहीत. पुन्हा शिट्टी. त्यांचा कर्णधार पंचाशी कुजबुजला आणि परत झाडाखाली जाऊन बसला. कबड्डी आहे ही. अंगाला अंग लागतं. कमरेला मिठी मारावी लागते, पाय धरावे लागतात. आमच्या पोरांचे पाय कोण धरणार?

सातजण उभेच. कुणी बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बसलो तर म्हणतील, यांनीच मैदान सोडलं. ऊन उतरलं, सूर्य गेला, तरी उभे. मग पंच आला आणि म्हणाला, आता दिसत नाही, जा घरी. कागदावर लिहिलं: अपुऱ्या उजेडामुळे सामना झाला नाही. विजयी कुणीच नाही. कप पुन्हा ऑफिसच्या कपाटात गेला.

मार्कसने आबांचा पाय हळूच खाली ठेवला. मग त्याने त्याचं सांगितलं. तिकडेही काळ्यांसाठी वेगळी कॉलेजं होती. तो तशाच एका कॉलेजात शिकला. त्याच्या कोचच्या काळात गोऱ्यांची कॉलेजं त्यांच्याशी खेळायचीच नाहीत, त्यामुळे ते किती चांगले होते हे कधी कुणाला कळलंच नाही. म्हातारे झाले, मरायला लागले, तेव्हा कॉलेजने त्यांना बोलावलं. एकेकाचं पूर्ण नाव घेऊन उभं केलं. तिघंच उरले होते.

"पूर्ण नाव घेतलं?" आबांनी विचारलं.

"पूर्ण."

आबांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर ते पुन्हा म्हणाले, "बघ, नाव घेतलं त्यांचं."

त्यानंतर आठच दिवसांनी मंडळाचं पत्रक आलं. संक्रांत मेळाव्यात महाराष्ट्राच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार. इथे राहणारे किंवा इथे पाहुणे आलेले, दोन्ही चालतील. सोबत अर्ज. मला वाटलं, आली वेळ. देशात नाही तर निदान इथे, समुद्राच्या पार, एका हॉलमध्ये शंभर माणसांसमोर माझ्या बापाचं नाव घेतलं जाईल. तेवढंच हवं होतं. शाल नको, नारळ नको.

मी अर्ज भरला. कॉलेजचं नाव लिहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्या नावाने सगळं कळतं, 'कर' असो नाहीतर काहीही असो. सामन्याची हकिकत लिहिली. आणि खाली 'खेळाशी पुढील संबंध' अशी एक ओळ होती, तिथे मी अभिमानाने लिहिलं: सत्तावीस वर्षे महाविद्यालयात मैदान-सेवक म्हणून नोकरी.

खरंच अभिमानाने. बी.ए. अर्धवट सुटलं, आजा गेला, घर पडलं अंगावर, तेव्हा आबांनी एका शहरी कॉलेजात ग्राउंडमनची नोकरी धरली. पाणी मारायचं, रोलर ओढायचा, फक्की टाकायची. दुसऱ्यांनी खेळायचं आणि त्यांनी आखायचं. पण मैदान सोडलं नाही, असं मला म्हणायचं होतं. आपल्या माणसांनी कष्ट सांगितले की समोरचा कष्टच बघतो, माणूस बघत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. तरी लिहिलं.

शुभदावहिनींचा फोन आला.

"अगं, छान लिहिलंयस हं. पण विजेते म्हणून कसं घालायचं? सामनाच झाला नाही ना?"

मी म्हणाले, "समोरचे खेळायला आले नाहीत वहिनी."

"हो गं, पण तसं लिहिलं तर उगाच वेगळं वाटेल." मग थोडं थांबून, "कॉलेज कुठलं म्हणालीस?"

अर्ज त्यांच्या हातात होता. मी कॉलेजचं नाव पुन्हा सांगितलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग, "अच्छा. बघते हं मी."

हा फोन मी आबांपासून लपवला. त्यांना वाटत राहिलं, सत्कार आहे. मलाही वाटत राहिलं, बघते म्हणाल्यात ना. कोट घेतला. गाडीत पूर्ण दीड तास आबा काचेतून गाई बघत होते आणि मधेच विचारत होते, "दोन शब्द बोलावं लागंल का गं?"

तर, फक्की. आबा मैदानात गेले. कोट काढला नाही. सुतळी मागितली, खुंट्या मागितल्या. तीन-चार-पाचची दोरी धरून काटकोन काढला. मध्यरेषा, निदानरेषा, बाजूच्या पट्ट्या. वाकून, मूठ सैल सोडत, मागे मागे सरकत. इतकी सरळ रेघ त्या मैदानावर कधी पडली नसेल. पोरं बघायला जमली. एक डॉक्टर दुसऱ्याला म्हणाला, "हीप्स बेटर! कितीतरी भारी. प्रोफेशनल आहेत यार." दोघे हसले. वाईट हेतूने हसले नाहीत. तेच तर आहे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

मी हॉलमध्ये गेले. स्टेजवर नऊ खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. मी नऊही वाचल्या. एकजण मेडिकल कॉलेजात टेबल टेनिस खेळलेले. एक बाई आंतरशालेय खो-खो. एकजण कॅरम, हॉस्टेलमधलं. किसन लिंबाजी, हे माझ्या बापाचं नाव, कुठेच नव्हतं.

कार्यक्रम झाला. नऊजणांना शाली मिळाल्या, प्रत्येकाची दोन-दोन मिनिटं ओळख झाली. आबा मागच्या रांगेत येऊन बसले होते, कारण पुढची त्यांची खुर्ची कुणीतरी घेतली होती. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत पांढऱ्या. ते वाट बघत होते. आपला नंबर शेवटी असेल असं त्यांना वाटत होतं. प्रत्येक नावाला ते खुर्चीत जरासे पुढे सरकायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. नऊ वेळा.

मग अध्यक्ष आभार मानायला उभे राहिले. हॉल, माइक, पोहे, चहा. "आणि हो, एवढ्या उन्हात मैदान आखून देणारे आपले आबा! एकदा जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. भरपूर. आबा उठले, हात जोडले, चारी बाजूंना वळले. तोंडभर हसले.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. मी चालत गेले. माइक अध्यक्षांच्या हातातच होता, मी त्यात तोंड घालून बोलले.

"आबा नाही. नाव आहे त्यांना. किसन लिंबाजी. डावा कोपरा." मग कॉलेजचं नाव घेतलं. "विद्यापीठाच्या फायनलला गेलेला आमचा पहिला संघ. समोरच्यांनी हात लावायला नको म्हणून सामना खेळला नाही. तुम्ही आज फक्की मारायला लावलीत. मी त्यांना फक्की मारायला आणलं नव्हतं."

वाक्यं मनात होती तितकी बरी आली नाहीत.

अध्यक्षांनी माइक बाजूला घेतला. हसत होते अजून. "अगं, संक्रांत आहे. गोड बोल." काही लोक हसले. मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, "इथे आपण कुणी जात मानत नाही. आज तूच आणलीस."

मी हॉलकडे बघितलं. शंभर माणसं. डॉक्टर, नर्स, फार्मसिस्ट. माझ्याबरोबर ज्यांनी परीक्षा दिल्या, ज्यांच्या पोरांना मी तापात औषधं सांगितली. एक माणूस उभा राहिला असता तरी मला पुरलं असतं. कुणी नाही राहिलं. मग कुणीतरी तिळगुळाचं ताट फिरवायला घेतलं.

पार्किंगमध्ये एक डॉक्टर मागून आले. चेहऱ्याने ओळखीचे, कधी फार बोलले नव्हते. इकडेतिकडे बघत म्हणाले, "ताई, बरोबर बोललात. मीही आपलाच. पण माझं नाव कुठे घेऊ नका." आणि झपझप गेले. मला त्यांचा राग आला नाही. पाच वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

खरा वार गाडीत झाला. आबा हॅमिल्टनच्या निम्म्या रस्त्यापर्यंत बाहीवरची फक्की झटकत होते. मग म्हणाले,

"तू कशाला बोललीस मधीच?"

"आबा, त्यांनी तुम्हाला..."

"टाळ्या वाजायल्या होत्या ना? समद्यांनी वाजवल्या. साहेब लोकांनी. माझ्या जिंदगीत कधी कुणी मैदान आखलं म्हणून टाळ्या वाजवल्या न्हाईत. तेवढ्यात तू गेलीस." त्यांनी काचेकडे तोंड फिरवलं. "माझा मान घालवलास लेकी."

मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्या लोकांमुळे नाही. माझ्या बापाला इतक्या थोड्यावर समाधान मानायला शिकवलं होतं आणि ते शिकवणं मला एका माइकने पुसता येणार नव्हतं. कुणालाच येणार नव्हतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची मैदानं आखून तो माणूस वाकला होता आणि त्याला आपण वाकलोय हेच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मंडळाचं पत्रक आमच्याकडे आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. फक्त फोन थांबले. बायका सुपरमार्केटमध्ये भेटल्या की "ओह हाय, कशी आहेस?" म्हणत ट्रॉली वळवायच्या. माझ्या मुलीला वाढदिवसाची बोलावणी यायची, तीही थांबली. ती विचारायची, "व्हाय, मम्मी?" मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. नऊ वर्षांची होती. तिला कळलं की नाही, माहीत नाही.

आबा जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी कागद घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, त्या दिवशी मैदानात उभ्या असलेल्या सातही जणांची नावं सांगा. रुसवा गेला नव्हता, पण सांगायला लागले. स्वतःचं. मग चार. त्यानंतर अडले. डोळे मिटले, बोटं मोजली. "एकाला लंब्या म्हणायचो. चढाईला त्याच्यावानी कुणी नव्हतं. दुसरा मास्तर. लई शहाणं पोरगं." खरी नावं? "न्हाई येत गं." दोन दिवस आठवत राहिले. विमानतळावरसुद्धा आठवत होते. त्यांच्या लेखी पहिल्यांदाच काहीतरी हरवलं होतं.

सहा महिन्यांनी आबा तिकडेच वारले. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. नावं आठवलेल्या त्या चौघांचा शोध घेतला. दोघे आधीच वारले होते. एकाचा मुलगा म्हणाला, वडील खेळायचे हे आम्हाला माहीतच नाही. चौथ्याचा पत्ताच नाही. कॉलेजला लिहिलं, उत्तर नाही. विद्यापीठाला लिहिलं, एका ओळीचं उत्तर आलं: जुने दप्तर उपलब्ध नाही. मार्कसला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडेही असंच झालं होतं, पण आमच्याकडे निदान कॉलेजने शोधलं. मी म्हटलं, आमच्याकडे मी एकटी आहे.

यातून काही चांगलं होईल असं मला वाटत नाही. त्या दोघांची नावं सापडतील असंही वाटत नाही. अध्यक्ष अजून गोडच बोलतात म्हणे.

पण तो सामना झाला. सातजण दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत आपल्या अंगणात उभे होते आणि समोरचे मैदानात उतरले नाहीत. जे उतरले नाहीत ते हरले. हे मी सांगणार. विचारलं तर सांगणार, न विचारता सांगणार, जेवणाच्या पंगतीत सांगणार, लोक उठून गेले तर रिकाम्या खुर्च्यांना सांगणार. मान आता कुणाकडे मागणार नाही. पाच नावं लिहिली आहेत. खाली दोन ओळी कोऱ्या आहेत. त्या कोऱ्याच राहतील. त्यांच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव मी जिवंत असेपर्यंत पडू देणार नाही.